पैलवानाचे पाय

सत्तर सालाच्या आसपास सक्करदऱ्यात एका नामी पैलवानानं दुधाचं दुकान टाकलं. आखाड्याची रीत अशी, की पाया पडणाऱ्या पठ्ठ्याच्या हाती वस्तादानं दुधाचा पेला द्यायचा. आमच्या वस्तीतल्या बेशरमांनी ती रीत थेट दुकानात आणली. "वस्ताद" म्हणत वाकायचं, फुकटचा पेला रिचवायचा आणि मिशा पुसत निघायचं. घरचं दूध मात्र शेजारच्या गवळ्याकडून.

एका सकाळी माझ्यासमोरच एक सफारीवाला वाकला. पैलवान कडाडला, "काहून वाकून राहिला गा? पाया पडाचं असन तं आखाड्यात ये. इथं मी धंदा करून राहिलो."

त्या दिवसापासून तो गल्ल्यावर पाय मांडीखाली दाबून बसायचा. पुढे त्याचं दुसरं दुकान निघालं. लोक म्हणू लागले, पैलवानाले माज आला. म्हणणारे सगळे फुकट प्यायलेले होते.