मर लागणाऱ्या पट्ट्यातली तूर

ओल्या शेणाचा वास आला की मले ती सकाळ आठवते. ओसरीत बसून मी अन् बायको तुरीचं बी शेणामातीत घोळून राह्यलो होतो. माती नाल्याकडच्या कोपऱ्यातली होती, तिथली तूर कधी मर लागून वाळत नसे. शेतकी खात्याच्या माणसानं बायकोले सांगितलं होतं, त्या मातीत बारीक जीव हायेत, ते मर रोगाले दाबतात. मी म्हटलं, "डोळ्याले दिसत नाही, ते त्याले कसे दिसले? आपलं बी बुडवाचा डाव हाय." ती म्हणे, "तुमचा त सोताच्या सावलीवर भरोसा नाही. मर लागते त्याच पट्ट्यात पेरा, मंग बोला." दुपारी सरपण आणाले गेली, तिथं तिले साप चावला. संध्याकाळी आम्ही तिले जाळून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाह्यलं तर बी फुगलं होतं, आज पेरलं नसतं तर सडलं असतं. मोठा भाऊ म्हणे, "सुतकात पेरतं का बे?" त्या जीवांवर मले आजही भरोसा नाही. पण ओलं बी सुतक पाळत नाही. मी टोपलं उचललं अन् तिनं सांगितलेल्या पट्ट्यात एकट्यानं सारं बी टोबलं.