सागाला बांधलेला ओंडका

राठोड गेल्याची बातमी पांढरकवड्याहून आलेल्या बसच्या कंडक्टरने आणली. ताप, आणि चार दिवसांत संपले. मी आमच्या वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी केली: देवसिंग राठोड, जंगल खात्यात नाकेदार, नेमणूक झरीच्या बाजूला. सागाला बांधलेला ओंडका त्या दोन ओळींत बसला नाही... म्हणून पाच आठवड्यांनी हे लिहीत आहे.

आमची ओळख छप्पन साली, आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला तेव्हा झाली. तोडायच्या झाडांवर खुणेचा हातोडा मारणे हे त्यांचे काम. एक घाव बुंध्याशी, एक छातीच्या उंचीवर. उभ्या वाळलेल्या झाडांवर तो आधी मारावा, असा हुकूम होता. त्यांतले भुंगे हिरव्या सागात शिरतील, ही रेंजरसाहेबांची भीती. राठोड मात्र ऐनाच्या वाळक्या झाडांपाशी थांबत, सुटलेली साल उचलून दाखवत. नुकत्या वाळलेल्या झाडात चपटे, बारीक भुंगे. जुन्यात लांब मिशांचे. पार भुसभुशीत झालेल्यात बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या. "हिरव्या झाडात नसंन एवढं बिऱ्हाड हाय इथं," ते म्हणत.

हे भुंगे जिवंत लाकडाला तोंड लावत नाहीत, असे त्यांनी साहेबांना सांगितले. "लिहून देतोस?" साहेबांनी विचारले. राठोडांनी लिहून दिले. त्यांच्या भागातली वाळकी झाडे राखली गेली. पण एक जरी साग पोखरलेला दिसला, तरी नोकरी जाणार होती.

आपण लिहिले ते खरे आहे की नाही, हे राठोडांनाही पक्के ठाऊक नव्हते. त्यांच्या क्वार्टरच्या अंगणात एक तरणा साग होता. भुंग्यांनी भरलेला ऐनाचा ओंडका त्यांनी जंगलातून ओढून आणला आणि दोराने त्या सागाला आवळून बांधला. रोज सकाळी, चहाच्या आधी, ते सागाच्या सालीवरून अंगठा फिरवून छिद्र शोधत.

"आता कशाला घाबरता? लिहून तर दिलंत," मी एकदा म्हणालो.

"म्या लिहेल हाय, पन भुंग्यायनं वाचलं का नाही, मले का मालूम?"

त्यांच्या पत्नी सोनाबाई आतून म्हणाल्या, "माह्याकडे पाह्याले टाइम नाही यायले. सागाले मात्र रोज कुरवाळते!"

"छिद्र सापडलं तर?" मी विचारले.

"तं मीच हातोडा घेऊन जाईन. एकूण एक वाळकं झाड..."

तपासून झाले की ते म्हणत, "आज नाही." नुसते 'नाही' मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाही. पावसाळे गेले. दोर कुजला, नवा आला. ओंडका पोकळ झाला, दुसरा आला. अंगठा रोज फिरत राहिला.

गेल्या आठवड्यात क्वार्टरवर गेलो. हातोडा खात्यात जमा झाला होता. नवा नाकेदार सोमवारी यायचा होता. वाळकी झाडे ठेवायची की तोडायची, हे साहेब त्याच्या पाहणीवरून ठरवणार होते. सोनाबाई सागापाशी उभ्या होत्या.

"रोज पाहून राह्यली मी. पन माह्या अंगठ्याचा मले भरोसा नाही. भाऊ, तुमी पाहा."

ओंडक्याखाली ताजा भुसा पडला होता. कान लावला, तर आत करकर चालू होती. मी सागाच्या सालीवरून गुडघ्यापासून छातीपर्यंत अंगठा फिरवला. मग पुन्हा एकदा फिरवला.

"आज नाही," मी म्हणालो.

"मंग दोर घट्ट करून द्या," त्या म्हणाल्या. "ढिला झाला हाय. सोमवारी थो नवा मानूस येईन."