साडेतीन मीटरची लाट

मी समुद्र कधी पाहिलेला नाही. तरी गेली काही वर्षं सकाळी दूध तापायला ठेवलं की मी मोबाईलवर समुद्राचं हवामान वाचते. मच्छिमारांसाठी रोज अंदाज येतो. वारा किती, कुठल्या दिशेचा, लाटा किती उंच, आणि शेवटी इशारा आहे की नाही. आमच्या बेंबळी गावात एवढं मन लावून तो वाचणारी मी एकटीच असणार. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका मला विचारतात, “काय गं, मासे धरायला जातीस का काय?” विचारू दे. ज्याचं जळतं त्याला कळतं.

माझा नवरा गावात ट्रॅक्टरची आणि डिझेल इंजिनांची कामं करायचा. विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या, ट्रॅक्टरवाले मोठ्या गॅरेजकडं वळले, आणि त्याच्या हाताला काम राहिलं नाही. ओळखीच्या एका ट्रकवाल्यानं त्याला कोकणात नेलं. तिथं मासेमारीच्या बोटीचं इंजिन तो सांभाळतो. पाण्याशी त्याची ओळख विहिरीपुरती. पोरं काठावरून गुडघे पोटाशी घेऊन मुटका मारायची त्यात हा पहिला असायचा, आणि तेवढ्यावर समुद्राचं त्याला काही वाटत नव्हतं. विहिरीला चारी बाजूंनी काठ असतो, हे मी त्याला सांगून पाहिलं होतं.

आमच्या भागात हवामानाच्या अंदाजाला कुणी विचारत नाही, आणि त्यात लोकांची फार चूकही नाही. टीव्हीवर मराठवाड्यात मुसळधार म्हणाले, की माझे सासरे मुद्दाम डाळ वाळत घालायला सांगतात. त्यांना मी मामा म्हणते. “आज पक्कं ऊन पडतंय,” असं म्हणतात ते. एका वर्षी त्यांनी अंदाजावर भरवसा ठेवून पेरलं. पाऊस कुठं वळून गेला कुणास ठाऊक, उगवलेलं करपलं आणि दुबार पेरणी करावी लागली. तेव्हापासून आमच्या घरात अंदाज म्हणजे थट्टेचा विषय. नवरा ही थट्टा कपड्यांबरोबर पिशवीत घालून कोकणात घेऊन गेला, आणि मला भीती होती ती तिचीच.

त्या ऑगस्टमध्ये पावसानं ओढ दिली होती. सोयाबीन फुलात आलेलं, आणि दुपारी पानं मान टाकायची. तिकडं मासेमारीची बंदी नुकतीच उठली होती, बोटी निघायला लागल्या होत्या. अशात बातमी आली, समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झालाय. गावाला एकदम हुरूप आला. पिठाच्या गिरणीत तोच विषय, दूध डेअरीवर तोच विषय. थट्टा विसरून मामासुद्धा संध्याकाळी अंगणात उभे राहायचे आणि पश्चिमेला बघत “ये बाबा, ये,” म्हणायचे. अख्खं गाव ज्याला बोलावत होतं, त्याचीच मला धास्ती होती. आणि बोलायचीही सोय नव्हती. ऑगस्टमध्ये बेंबळीत पाऊस नको असं कोण म्हणणार?

एका सकाळी मोबाईलवर आलं: दक्षिण कोकण किनाऱ्यावर उद्या सोसाट्याचा वारा, ताशी पंचेचाळीस ते पंचावन्न किलोमीटर, समुद्र खवळलेला, लाटांची उंची साडेतीन मीटरपर्यंत, मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये.

वाऱ्याचा आकडा मला तसा कळत नाही. पण मीटर माझ्या रोजच्या हातातला. शिलाई मशीनवरची टेप घेतली, दीड मीटरची. ती भिंतीला लावली, खडूनं खूण केली, खुणेवर परत लावली. मग स्टुलावर चढून तिसऱ्यांदा लावायला गेले, तर साडेतीन मीटर पुरे व्हायच्या आधी भिंत संपली आणि पत्रे आले. खाली उतरून मी त्या भिंतीकडं बघितलं. एवढं पाणी उभं राहून अंगावर येतं, आणि एकदा नाही, एकामागून एक येत राहतं. मी तिथंच बसले.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. समुद्रात जायच्या आधी फोन करायचा, एवढं तो पाळतो, कारण पुढं रेंज नसते. मागं बोटीत बर्फ भरल्याचा आवाज येत होता.

“दुपारी निघायलोत,” तो म्हणाला.

मी त्याला सगळं वाचून दाखवलं. तो हसला.

“अगं, आभाळ निळंशार हाय हितं. तांडेल बी म्हणतोय, काय न्हाय म्हणून.” तांडेल म्हणजे बोट चालवणारा. बोटीवर त्याचा शब्द शेवटचा.

“आभाळ आजचं हाय. हे उद्याचं सांगायलेत.”

“अंदाज हाय त्यो. आपल्याकडं कधी खरा झालाय का?”

माझं डोकं फिरलं. “आपल्याकडं खोटा झाला तर दुबार पेरणी केली,” मी म्हणाले. “तुमची दुबार पेरणी कुठून करू म्या?”

मग कुणीतरी त्याला हाक मारली, “आलो,” म्हणाला आणि फोन कट झाला.

दुपारी लावला तर फोन बंद आहे किंवा रेंजच्या बाहेर आहे. संध्याकाळी तेच. फोनवरची बाई तेच वाक्य त्याच आवाजात सांगते, तिला काय त्याचं. म्हणजे गेला, असं मी धरलं. कामात मन घालावं म्हणून कात्री घेतली आणि एका ब्लाउजच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडून ढग आले. वारं सुटलं, पत्रे वाजायला लागले. पत्रा वाजला की मी खडूच्या खुणांकडं बघायची. बाहेर लोक खुशीत ओट्यांवर येऊन उभे होते. मामा घाईनं आत आले.

“भरून आलं बघ,” म्हणाले. “आता सोडत न्हाय.”

“मामा, हेच वारं तिकडं त्यांच्या अंगावर गेलं असंल,” मी म्हणाले.

भिंतीवरच्या खडूच्या खुणा त्यांनी बघितल्या होत्या, पण विचारलं नव्हतं. आता विचारलं, कशाच्या म्हणून. मी सांगितलं. त्यांनी मान वर करून पत्र्यापर्यंत बघितलं.

“एवढी लाट?”

“पत्र्याच्या बी वर.”

संध्याकाळी ते नेहमीसारखे अंगणात गेले, पश्चिमेला तोंड करून उभे राहिले, पण “ये” म्हणाले नाहीत. रानात त्यांचं सोयाबीन वाळत होतं आणि ते तोंड मिटून उभे होते. मला त्यांच्याकडं बघवेना.

फोन आला तो तिसऱ्या दिवशी.

“बंदरावरच हाय म्या,” तो म्हणाला. “गेलोच न्हाय. इंजिनाचा पंप खोलून ठेवला. तांडेलाला म्हणलं, आवाज बरोबर येईना, दोन दिवस लागतेत.”

“आणि फोन?”

“तू विचारली असतीस, निघालात का. तांडेल शेजारी बसलेला. त्याच्यासमोर काय सांगू? म्हणून बंदच ठेवला.”

मी रडले आणि रडता रडता त्याला नाही नाही ते बोलले. त्यानं ऐकून घेतलं. मग त्यानं पुढचं सांगितलं. वादळ आलंच नव्हतं. जे काय होतं ते खोल समुद्रातून परस्पर वर सरकलं. इशारा न मानता गेलेल्या दोन बोटी मासे भरून परत आल्या होत्या. तांडेल त्याच्याशी बोलत नव्हता आणि खलाशी त्याला चिडवत होते.

“तुझा अंदाज खोटा निघाला,” तो म्हणाला.

आमच्याकडंही चार थेंब पडून गेले, अंगणातली धूळसुद्धा बसली नाही. मला मात्र त्या खोट्या निघालेल्या अंदाजाच्या पाया पडावंसं वाटत होतं. असा तो रोज खोटा निघू दे. पण आता नवरा म्हणणार, परत मला काही वाचून दाखवू नको, याची मला खात्री होती.

“उद्या निघायचंय,” तो म्हणाला. “वाच.”

आजवर त्यानं स्वतःहून कधी विचारलं नव्हतं. मी उद्याचा अंदाज उघडला. वारा बेताचा. लाटा एक ते दीड मीटर. इशारा नाही.

तो ऐकत नव्हता तोवर वाचणं सोपं होतं, मी फक्त अडवत होते. आता तो माझ्या शब्दावर पाण्यात जाणार होता. चार मीटर म्हणून सांगावं असं ओठावर आलं. तो राहिला असता. पण एकदा खोटं सांगितलं की माझंही वाचणं मामांच्या टीव्हीसारखं होणार, आणि ज्या दिवशी खरंच पाण्याची भिंत उभी राहील त्या दिवशी तो हसणार.

जसं होतं तसं मी वाचलं. टेप गळ्यातच होती. दीड मीटर म्हणजे ती अख्खी टेप, आणि माझी उंचीही तेवढीच.

“मग निघू का?” त्यानं विचारलं.

आमच्याकडं निघणाऱ्याला जा म्हणत नाहीत.

“या,” मी म्हणाले.