लताबाईंचं शीर्षासन

पिंपळगावच्या निम्म्या पॅकहाउसांतली द्राक्षांच्या खोक्यांचं डिझाइन तरन्नुमच्या हातचं. वडील इब्राहिमभाई टेम्पोंवर अक्षरं रंगवायचे. मुलीनं ब्रशाऐवजी संगणक धरला, एवढाच काय तो फरक. गेली अकरा वर्षं ती नाशिकच्या कॉलेजात डिझाइनही शिकवते. तिथं तिचा एकच धोशा: "छपाईला देण्याआधी कागदाचं खोकं दुमडून बघा. सपाट कागदावर काही कळत नाही."

आणि ऐन हंगामाच्या घाईत तिनं स्वतःच दुमडून पाहिलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मल्हारी बागायतदाराला खोक्याच्या दोन्ही बाजूंना आईचा फोटो हवा होता. सपाट कागदावर दोन्हीकडे लताबाई सरळ दिसत होत्या. छापून आलेलं खोकं मल्हारीनं दुमडून उभं केलं, तर एका बाजूच्या लताबाई चक्क खाली डोकं वर पाय. दोन हजार खोकी तशीच, आणि दुसऱ्या दिवशी तोडणी.

फोन येताच तरन्नुम स्कूटर काढून निघाली. वाटेत तिला रडूच येत होतं. कुणाच्या आईला उलटं टांगल्यावर आता कुठलं पॅकहाउस काम देणार, आणि वर्गात कुठल्या तोंडानं उभं राहायचं?

मल्हारी गाल फुगवून बसला होता. लताबाई खोकं फिरवून फिरवून बघत होत्या.

"आजी, चूक माझीच," तरन्नुम म्हणाली.

"ते ऱ्हाऊ दे. फोटो लावू का, आसं मला इचारलं कोणी? द्राक्षं संपली की खोकं उकिरड्यावर जातं. मला नाय जायचं तिथं."

मल्हारीनं मान खाली घातली. तरन्नुमनंही. फोटो निवडायला ती तीनदा या घरी आली होती, लताबाईंच्या हातचा चहा प्याली होती, लुगड्याचा रंग कोणता ठेवायचा ते मल्हारीला विचारलं होतं. लताबाईंना एका शब्दानं नाही.

मालाची जात आणि वजन छापलेली मोठाली लेबलं शेजारीच ढिगानं पडली होती. लताबाईंनी एक उलट्या फोटोवर चिकटवलं, दुसरं सरळ फोटोवर.

"आता लय बरं दिसतंय. बस, हात लाव."

तरन्नुमचा जीव भांड्यात पडला. ती फतकल मारून लेबलं लावायला बसली.

दुसऱ्या दिवशी वर्गात तिनं सगळं सांगितलं, उलट्या फोटोसकट. पोरं पोट धरून हसली. मग तिनं सांगितलं, की दुमडायचं नंतर; ज्याचा चेहरा छापायचा, त्याच्या घरी जाऊन आधी त्यालाच विचारायचं. अकरा वर्षांत वर्गात इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.