डोळे बांधलेला पाणाड्या

तळहातावर आडवा ठेवलेला नारळ जमिनीतल्या पाण्यामुळे उभा राहतो का, एवढाच माझा प्रश्न होता.

शाळेला बोअर घ्यायचे होते. पाण्याची जागा दाखवायला आलेल्या पाणाड्या आजोबांचा नारळ लिंबाजवळ उभा राहिला. मी तिथे फक्कीने खूण केली आणि म्हणाले, "आता आजोबांना डोळे बांधून चालू द्या. जागा तीच येते का पाहू."

संस्थेचे अध्यक्ष, सगळ्यांचे अण्णा, माझ्याशी बोललेच नाहीत. शिपायावर ओरडले, "ह्यांना खुर्ची कावून आणली बे? उसाच्या फडात वाढलेल्या म्याडम हायेत. भुईवर बसायची सवय हाय त्यांना."

लोक हसले. माझ्या सातवीच्या वर्गातल्या मुलीही हसल्या. ते जास्त लागले.

फडाचे खरे होते. आईवडील ऊसतोड कामगार. चौथीपर्यंत मी त्यांच्याबरोबर फिरले, नंतर वसतिगृहात राहिले. तिथल्या पेटीत एका विज्ञानकथाकाराची फाटकी पुस्तके होती. त्यातली अंतराळयाने, परग्रह मी विसरले. त्याची साधी माणसे भल्याभल्या सत्ताधीशांकडे पुरावा मागत, ते विसरले नाही. त्याच्यामुळे मी विज्ञान शिकवते. नोकरी मात्र तात्पुरती. कायम होण्याचा आदेश अण्णांच्या सहीवर अडलेला.

मी बसले नाही. आजोबांना विचारले, "चालाल?"

"बांधा की लेकी. सारी उमर गेली, मला बी कुणी असं इचारलं न्हाई."

रुमाल बांधून ते तीनदा चालले. नारळ तीनदा उभा राहिला. खुणेपासून सहा, अकरा आणि सतरा पावलांवर. आजोबा स्वतःच्या हाताकडे पाहत राहिले.

अण्णांनी बोअर पहिल्याच खुणेवर घेतले. पाणी लागले. हे मी लपवणार नाही. पण शेजारी खणले असते तर लागले नसते, हे कुणी तपासले? एकदा लागलेले पाणी म्हणजे पुरावा नव्हे.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात दोन कागद होते. एक माझा आदेश, सहीविना. दुसरा माफीनामा, परिपाठात मुलांसमोर वाचायचा.

"लई शानी झालीस," अण्णा म्हणाले. "आधी वाच. मग माझी सही."

मी माफीनामा उलटा केला. कोऱ्या बाजूवर तिन्ही अंतरे लिहिली, खाली माझे नाव. परिपाठात तेवढेच वाचले.

आदेश आला नाही. येणारही नाही. उद्या ज्या शाळेत उभी राहीन, तिथेही पुरावा मागेन. समोर कोणीही असो.

तुमच्या गावात पाणाड्या आला, तर त्याला विचारून डोळे बांधा. तीनदा चालू द्या. अंतर स्वतः मोजा. माझे आकडेही तपासल्याशिवाय मानू नका.