नाटकातली सासू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

नोएडातल्या आमच्या मराठी मंडळात बायकांवरच्या नाटकांचा वर्ग भरतो. शनिवारी दिल्लीत मंडी हाऊसच्या नाट्यगृहात नाटक पाहायचं, रविवारी हॉलवर चर्चा. वर्ग मीच चालवते — अजूनही. नियमही माझाच: घरचं काही काढायचं नाही, बोलायचं ते नाटकातल्या बाईबद्दल. सोयीचा नियम, नाही?

कारण माझा मुलगा बायकोवर हात उचलायचा. शेजारच्या खोलीत. मला ऐकू यायचं. किळस येते हो — त्याची तर येतेच, पण जास्त माझी.

मेधा, माझी सून, वर्गात मागे बसायची. कधी बोलायची नाही. एका नाटकात नवरा बायकोला मारतो आणि सासू बाहेर मेथी निवडत बसते, असा प्रसंग होता. दुसऱ्या दिवशी मी त्या बायकोवर भरभरून बोलले — तिची घुसमट, तिचं मौन, सगळं. तेवढ्यात मेधाने हात वर केला.

"त्या सासूला ऐकू येत होतं ना, आई? मग ती उठली का नाही?"

नियम तिने मोडला नव्हता. माझ्याच नियमात बसवून ती मदत मागत होती. कळलं नाही असं कसं म्हणू? लख्ख कळलं. आणि मी हसून म्हणाले, "अच्छा प्रश्न आहे. पण सासूची भूमिका लेखकाने जरा कच्चीच लिहिली आहे. चलो, पुढे जाऊ या."

टाळ्या पडल्या. आणि मला — शी! — त्या आवडल्या.

इथे थांबले असते तरी... पण नाही. संध्याकाळी चहा घेताना मेधाचा प्रश्न मुलाला कुणी सांगितला? मीच. गंमत म्हणून. गंमत? माझं डोकं तापलं होतं, तिला धडा शिकवायचा होता — हे खरं.

थोड्या वेळाने भिंतीपलीकडे सुरू झालं. मी स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावला. भांडं रिकामं होतं. तरी फिरवत राहिले.

मिक्सर बंद केला तो मेधाने. खांद्याला बॅग, गाल सुजलेला. दिल्लीत मुनिरक्याला मैत्रिणीच्या खोलीवर निघाली होती, ती पुन्हा आली नाही. दारापाशी ती क्षणभर थांबली, माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी बोलले.

"दार हळू लाव, शेजारी ऐकतील."