द्रौपदाचा हात

कळंबला पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला हनुमंतनं गाड्या धुवायचं काम सुरू केलं, तेव्हा गाड्यांचे दिवे काचेचेच असायचे. धुळीनं माखलेली समोरची काच तो आधी ओल्या कापडानं पुसायचा, मग चुरगळलेल्या वर्तमानपत्रानं अशी घासायचा, की ड्रायव्हर काच आहे का नाही ते बोट लावून बघायचे. दहा-बारा वर्षं ‘काचंला हनुमंतच’ असं लोक म्हणायचे आणि ते ऐकायला त्याला फार बरं वाटायचं.

पुढं प्लॅस्टिकच्या दिव्यांच्या गाड्या आल्या. चार उन्हाळे झाले की हे दिवे पिवळे, आंधळे पडायचे. त्यांच्यापुढं वर्तमानपत्राचं काही चालेना. हनुमंतची बायको द्रौपदा चाकणच्या एका कारखान्यात प्लॅस्टिकला पॉलिश करायची. तो बंद पडला तशी ती घरीच होती. एक दिवस तिनं दिव्याभोवती चिकटपट्टी लावली, पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर एकाच दिशेनं फिरवला, मग त्याहून बारीक, मग आणखी बारीक. दिवा आधी दुधासारखा पांढरा झाला. शेवटी पॉलिशचं मलम लावून मऊ कापडानं पुसला, तसा नव्यासारखा लखलखला.

त्या दिवसापासून गाडी थांबली की पहिला प्रश्न यायचा, “वैनी हायेत का?”

हनुमंत बादली भरून द्यायचा आणि आपल्या काचांकडं वळायचा. काचा अजूनही तशाच चमकायच्या, पण त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं. भीमाशंकरला पॅसेंजर नेणारा चिमाजी तर गाडीतून उतरला की थेट तिच्यापाशीच उभा राहायचा. हनुमंतला जेवण गोड लागेना. बायकोचा राग यावा असं तिनं काही केलं नव्हतं, आणि त्याचाच त्याला जास्त राग यायचा.

एकदा चिमाजी येणार हे ठाऊक असूनही त्यानं द्रौपदाला निमगाव साव्याला बहिणीकडं धाडलं. किती दिवस बोलावतीय, जाऊन ये, म्हणाला. तिला नवल वाटलं, पण ती गेली. चिमाजीची गाडी आली तेव्हा हनुमंतनं सुताराकडून आणलेला जाडा पेपर घेतला आणि कोरडाच, जोर लावून गोल गोल घासला. दोन्ही दिव्यांवर मांजरानं बोचकारल्यासारखे चरे उठले. मलमानंही ते जाईनात. प्लॅस्टिकच खराब हाय, असं सांगून त्यानं चिमाजीला वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी चिमाजी परत आला, तेव्हा द्रौपदा हजर होती. तिनं दिव्यावरून बोट फिरवलं, हनुमंतकडं एकदाच पाहिलं आणि चिमाजीला म्हणाली, “माझ्याच डब्यात जाडा पेपर मिसळला व्हता. यांना काय ठावं? बसा, करून देते.”

दोन तास ती घासत होती. हनुमंत तांब्यानं पाणी सोडत उभा होता. तिनं चारचौघांत चार शब्द सुनावले असते तर त्याला सोसलं असतं. पण आता हातातलं कसब तर तिचं मोठं होतंच, मनही तिचंच मोठं ठरलं, आणि तेही त्याला बोचलं.

गाडी गेल्यावर तो म्हणाला, “मला दाव.”

तिनं त्याच्या बोटांवर बोटं ठेवली आणि जोर किती लावायचा ते दाखवलं. शिकायला त्याला चार महिने लागले. मधे दोनदा त्यानं पेपर फेकून दिला आणि दोनदा गुपचूप उचलून आणला.

पुढच्या वर्षी चिमाजीनं दुसरी एक जुनी गाडी घेतली. तिचे दिवे हनुमंतनं एकट्यानं केले. द्रौपदा शेजारी कापडं धूत होती. चिमाजी चहा पिऊन आला, वाकून दिवे बघितले आणि म्हणाला, “वैनी, आजच्यावानी काम तुमी आजवर केलं न्हाई.”

हनुमंत थांबला. हे काम यांचं हाय, असं आता ती सांगेल, असं त्याला वाटलं. द्रौपदानं कापड पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं. मग दुसरं घेतलं आणि जरा जास्तच जोरानं पिळलं.

हनुमंत तिच्या हातांकडं बघत राहिला. हिलाही आपल्यासारखंच लागलं, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि कितीतरी दिवसांनी त्याला हलकं वाटलं. समोरची काच राहिली होती, ती पुसायला त्यानं वर्तमानपत्र उचललं.